आधी जमीन, मग सैन्य

2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली गेली. कुरवंडा घाटाने कोकणात उतरू पाहणाऱ्या त्या फौजेच्या दोन्ही अंगांना दाट रान आणि डोंगर होते, पायाखाली चिंचोळी वाट होती, पुढची वाट अडवलेली आणि मागची बंद होती. अखेर खंडणी भरून खानाने सुटका करून घेतली. हीच लढाई सपाट टेबलावर मांडली, दोन्हीकडे खरी होती तेवढी शिबंदी उभी केली आणि फासे टाकायला सुरुवात केली, तर संख्येच्या जोरावर खानच जिंकेल. शिवाजी महाराजांचा विजय टेबलावर उतरवायचा असेल तर आधी ती खिंड उतरवावी लागेल. डोंगराचा चढ, वाटेची रुंदी, झाडीची दाटी, माथ्यावरून खाली दिसते ते आणि खालून वर न दिसणारे, हे सगळे हाताने घडवावे लागेल. या पुस्तकाचा विषय ही जमीन आहे.

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांची, म्हणजे वॉरगेमची, मराठी वाचकाला फारशी ओळख नाही, म्हणून दोन शब्द. हा खेळ बुद्धिबळासारखा चौकटींच्या पटावर चालत नाही. इंचभर उंचीचे रंगवलेले सैनिक मोकळ्या भूभागावर मांडतात. कोणती तुकडी एका डावात किती सरकेल ते टेप लावून मोजतात. नेम लागला की हुकला हे फाशांवर ठरते. नाला ओलांडायला निम्मी चाल खर्च होते, भिंतीआडच्या माणसाला गोळी लागण्याची शक्यता कमी होते, टेकडीमागची तोफ समोरच्याला दिसतच नाही. म्हणजे नियमांच्या पुस्तकातले निम्मे नियम जमिनीबद्दल असतात. तरी खेळायला बसणारे बहुतेक जण सगळा जीव सैनिक रंगवण्यात ओततात आणि जमीन म्हणून टेबलावर एक हिरवे कापड अंथरतात. ते मला मनापासून खटकते.

मराठी माणसाला तर हे काम नवे नाही. दिवाळी तोंडावर आली की अंगणात, गॅलरीत, सोसायटीच्या कोपऱ्यात दगडविटांचा ढीग रचायचा, त्यावर गोणपाट टाकायचे, चिखलाने लिंपायचे, उतारावर अळीव नाही तर मोहरी पेरायची, पायऱ्या कोरायच्या, बुरूज उभे करायचे आणि कुंभाराकडून आणलेले मावळे जागोजागी बसवायचे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हे केले आहे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या घरांनीही ही हौस सोबत नेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिथे 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि हळूहळू तिचेच शहर झाले, तिथल्या आमच्या घरीही किल्ला व्हायचा. या मुलांना कोणी भूगोल शिकवलेला नसतो. पण पाणी कुठून वाहील, वाट कुठून चढेल, दरवाजा कुठे लपवला तर शत्रूला सापडणार नाही, याचा विचार त्यांचे हात करतच असतात. दिवाळी सरली की किल्ला मोडतो आणि हा विचारही तिथेच थांबतो. तो पुढे न्यावा, मोठेपणी टेबलावर आणावा, त्याला मोजमापाची आणि अभ्यासाची जोड द्यावी, एवढेच या पुस्तकाचे मागणे आहे.

जगात हे काम राजेरजवाड्यांनी आणि सेनापतींनी फार गंभीरपणे केले आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्हा याने 1668 पासून सरहद्दीवरच्या तटबंद शहरांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. लाकूड, कागद आणि रेशीम वापरून केलेल्या या प्रतिकृती 1:600 या प्रमाणात आहेत आणि त्यांचा मोठा संग्रह आजही पॅरिसच्या अँव्हालीद वास्तूत पाहता येतो. वेढा कुठून घालता येईल, तोफ कुठे चढवता येईल, हे राजधानीत बसून कळावे म्हणून तो खटाटोप होता. पुढे 1812 साली प्रशियात राइसवित्झ नावाच्या बॅरनने राजासाठी एक खास टेबल तयार केले. त्यावर प्लॅस्टरचे रंगवलेले चौकोनी तुकडे होते. कुणावर नदी, कुणावर रस्ता, कुणावर दलदल. ते हवे तसे जुळवून दरवेळी नवा प्रदेश मांडता येई. आजचे वॉरगेमर जे सुटे चौकोन वापरतात त्यांचा मूळ पुरुष तो. त्याच्या मुलाने 1824 मध्ये 1:8000 च्या नकाशांवर चालणारे नियम दिले आणि लष्करी शिक्षणात हा खेळ रुजला.

इंग्लंडच्या विल्यम सायबर्नची गोष्ट मला या सगळ्यांत जवळची वाटते. वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करायला घेतल्यावर तो स्वतः तिथे जाऊन राहिला, महिनोन्‌महिने मोजमापे घेतली. मग लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारले की तुमच्या तुकडीसमोर शेतात त्या दिवशी पीक कोणते होते. रायचे पीक उभे होते की तुडवले गेले होते, हे त्याला कळायला हवे होते, कारण उभ्या पिकात माणूस दिसत नाही. ही प्रतिकृती 1838 मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर मांडली गेली. शेतातल्या पिकाची चौकशी करणारा हा माणूस माझ्या मते या कलेचा खरा गुरू. लेखक एच. जी. वेल्सने 1913 साली लाकडी ठोकळे आणि झाडांच्या डहाळ्या मांडून घरच्या जमिनीवर खेळायचे नियम छापले आणि हा खेळ सामान्य घरांत आला.

आपल्याकडे असे टेबल कुणी केल्याची नोंद मला सापडलेली नाही, पण जमीन वाचण्याची विद्या आपल्याकडे भरपूर होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर जे लिहिले आहे ते वॉरगेम मांडणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. किल्ल्याच्या आसपास तोफेच्या माऱ्यात दुसरा उंच डोंगर असू नये, असला तर सुरुंग लावून तो खुजा करावा, तेही न जमले तर तोच बांधून किल्ल्यात सामील करून घ्यावा, असा तो विचार आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा त्यांची नोंद मराठ्यांचे लष्करी भूप्रदेश अशी केली. तटाबुरुजांइतकेच मोल डोंगरांना, घाटांना आणि किनाऱ्याला दिले गेले.

आता ग्वाल्हेरविषयी. मी या शहरात राहतो म्हणून उदाहरणे इथली घेतली हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की या एका शहराच्या आसपास तीन लढाया अशा झाल्या की प्रत्येकीचा निकाल समजायला जमिनीचा एकेक वेगळा गुण समजावा लागतो. पहिलीत कडा, दुसरीत घळी, तिसरीत टेकड्या आणि नाले.

पहिली 1780 ची. किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात होता आणि तो अजिंक्य मानला जाई. 3 ऑगस्टच्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमच्या तुकडीने शिड्या लावून तो घेतला. गोहदच्या राण्याच्या मुलखातल्या वाटा जाणणाऱ्या लोकांनी चढाईची जागा हेरून दिली होती. शिपायांच्या पायांत घसरू नये म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे होते. त्या वेळच्या वृत्तांतात चढाईची मापे मिळतात. आधी सोळा फुटांचा तासलेला कडा, मग चाळीस यार्डांचा खडा चढ, मग तीस फुटांचा तट. ही मापे हाती आली की काम सुरू करता येते. 1:72 या प्रमाणात सोळा फुटांचा कडा पावणेतीन इंचांहून किंचित कमी होतो, चाळीस यार्डांचा चढ वीस इंचांचा आणि तट बरोबर पाच इंचांचा. हे तीन टप्पे थर्माकोलमध्ये कापून एकावर एक उभे केले आणि पायथ्याशी इंचभर उंचीचा सैनिक ठेवला की एकदम लक्षात येते की खरा धोका कड्यावर नव्हता. तो मधल्या वीस इंचांत होता. तिथे ना आडोसा, ना शिडी. वर कुणी जागा झाला असता तर सगळे तिथेच संपले असते. पुस्तकात वाचून हे मला कधी इतके स्पष्ट झाले नव्हते. तीनच वर्षांनी, 1783 मध्ये, महादजींनी किल्ला परत मिळवला.

दुसरी लढाई 29 डिसेंबर 1843 ची, महाराजपूरची. सर ह्यू गफची फौज पहाटे कुंवारी नदी ओलांडून तीन रांगांत पुढे आली. शिंद्यांच्या सैन्याने रातोरात पुढे सरकून महाराजपूर गावात तोफा मांडल्या होत्या, आणि त्यांची गाठ तिथे पडेल अशी इंग्रजांची अपेक्षा नव्हती. अवघा मुलूख खोल घळींनी चिरलेला होता. चंबळच्या खोऱ्यातले हे बीहड ज्याने पाहिले नाही त्याला वाटते मैदान सपाट आहे, आणि दुरून ते खरोखर सपाटच दिसते. जवळ गेल्यावर पायाखाली दोन-दोन पुरुष खोल भेगा उघडतात. त्याच दिवशी पनिहारलाही लढाई झाली आणि शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला, पण इंग्रजांनाही तो दिवस महाग पडला.

बीहड टेबलावर आणणे ही या पुस्तकातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण टेकडी टेबलावर ठेवता येते, खड्डा ठेवता येत नाही. त्यावर उपाय एकच. सगळे टेबलच दोन इंचांनी वर उचलायचे. फोमच्या जाड शीटचे चौकोन टेबलभर मांडायचे आणि घळी त्यांत कापून काढायच्या. काठ सरळ कापायचे नाहीत. पावसाने माती वरून ढासळते आणि खाली पसरते, म्हणून वरचा भाग उभा, खालचा तिरका. मोठ्या घळीला बारीक घळी झाडाच्या फांद्यांसारख्या येऊन मिळतात. ही दिशा चुकली की पाणी चढाकडे वाहते आणि पाहणाऱ्याला काय चुकले ते सांगता आले नाही तरी काहीतरी चुकले आहे हे जाणवते.

तिसरी लढाई जून 1858 ची, आणि तिच्याविषयी लिहिताना आजही हात जड होतो. 17 जूनला कोटा की सरायजवळ इंग्रज सेनानी स्मिथच्या फौजेशी राणी लक्ष्मीबाईंच्या सैन्याची गाठ पडली. समोरचा मुलूख खडबडीत, नाल्यांनी तुटलेला, घोडदळाला अडचणीचा. शहराकडे येणारा रस्ता टेकड्यांमधून जाणारा. राणीचा घोडा नाल्यापाशी अडला असे परंपरेने सांगितले जाते, आणि फुलबागेजवळच्या समाधीपाशी गेलेल्या प्रत्येकाने ते ऐकलेले असते. ती लढाई टेबलावर मांडावी का, असे मला विचारले जाते. मांडावी, पण खेळण्याची घाई करू नये. आधी ती जमीन करावी. टेकड्यांमधला रस्ता, नाले, जूनमधली करपलेली माती. ती करताना जे कळते ते आदरानेच कळते, आणि ज्याने ती जमीन स्वतः घडवली आहे तो त्यावर उथळपणे फासे टाकत नाही असा माझा अनुभव आहे.

आता थोडे प्रत्यक्ष कामाबद्दल. पहिला प्रश्न प्रमाणाचा. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या डोंगरावर आहे तो सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आणि तीनशे फूट उंच आहे. 1:72 ने तो केला तर लांबी सव्वाशे फूट होईल. 1:1000 ने केला तर नऊ फुटांत बसेल, पण उंची जेमतेम साडेतीन इंच उरेल आणि कडा कड्यासारखा वाटणार नाही. म्हणून प्रतिकृती करणारे उंची मुद्दाम वाढवतात. सायबर्ननेही तसेच केले होते. शिवाय सैनिकांचे प्रमाण वेगळे आणि जमिनीचे वेगळे धरावे लागते. टेबलावरची तीन घरे म्हणजे अख्खे गाव, दहा झाडे म्हणजे रान. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो म्हणून मोठी माणसे हसतात. त्यांनी हसू नये. वॉरगेममध्ये जाणत्या माणसांनी विचार करून जे ठरवले, ते मुलांनी आपण होऊन केलेले असते.

दुसरा प्रश्न सामानाचा. परदेशी दुकानांत तयार झाडे, गवत, खडक सगळे मिळते, पण महाग पडते, आणि मुख्य म्हणजे ते त्यांच्या देशाचे असते. त्या गवताचा हिरवा रंग इंग्लंडच्या कुरणांचा आहे. जूनमधल्या ग्वाल्हेरला तो शोभत नाही. आपल्याला लागते ते बहुतेक घरातच असते. वाळवलेला चहाचा चोथा रानातल्या जमिनीला, चाळलेली वाळू नाल्याच्या तळाला, नारळाचा काथ्या सुकलेल्या गवताला, पिळलेली तार आणि भुसा बाभळीच्या आणि करधईच्या झाडांना, जुना पुठ्ठा घरांना. दोन गोष्टींत मात्र सावधगिरी पाळावी. थर्माकोलवर स्प्रेचा रंग थेट मारला तर थर्माकोल विरघळतो, म्हणून आधी फेविकॉल आणि अ‍ॅक्रिलिक रंग मिसळून त्याचा जाड हात द्यावा. आणि पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला गोंद लावला तर तो वाळताना वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना लावावा.

तिसरा प्रश्न रंगाचा, आणि इथे मी वाचकाला थोडे थांबवू इच्छितो. सह्याद्रीचा कातळ काळा, ग्वाल्हेरचा वालुकाश्म पिवळसर. दोघांतही आडवे थर दिसतात, पण सह्याद्रीत ते मोठ्या पायऱ्यांसारखे आहेत, इथे ते पातळ आणि जवळजवळ आहेत. म्हणून फोमवर रेघा ओढताना हात आडवाच फिरवावा आणि अंतर सारखे ठेवू नये. पहिला हात काळ्याचा कधीच देऊ नये, गडद तपकिरी द्यावा. तो पूर्ण वाळला की पिवळ्या मातीचा रंग, भेगा सोडून. मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग वरून सोडावा, तो आपोआप भेगांत उतरतो. शेवटी चपटा ब्रश घ्यावा, फिक्या पिवळ्या रंगात बुडवावा, कापडावर पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि कडांवरून हलकेच फिरवावा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि खडक उजेडात आल्यासारखा उभा राहतो. यालाच ड्राय ब्रशिंग म्हणतात. याच दगडावर राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिराच्या निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशा आहेत, त्यांत हत्ती, हंस आणि केळीची झाडे. त्या रंगवायला सर्वांत बारीक ब्रश आणि भरपूर धीर लागतो. तो निळा रंग किती गडद घ्यावा हे फोटोवरून ठरवू नये. सकाळी किल्ल्यावर जाऊन डोळ्यांनी पाहावा, आणि टेबलावर त्याहून थोडा फिका घ्यावा, कारण लहान वस्तूवर गडद रंग जास्तच गडद दिसतो.

आणि शेवटी, ही जमीन खेळण्यासाठी आहे हे विसरू नये. उतार इतका खडा नको की सैनिक घसरून पडतील. जिथे खरोखर खडा आहे तिथे तुकडी उभी राहील एवढ्या पायऱ्या ठेवाव्यात. घरांची छपरे उचलता यायला हवीत, झाडे जागची हलवता यायला हवीत. शोकेसमध्ये ठेवायची प्रतिकृती आणि हातांनी वापरायची जमीन यांत फरक आहे, आणि हे पुस्तक दुसरीबद्दल आहे.

पुढच्या प्रकरणांत हाच क्रम ठेवला आहे. आधी जागा पाहणे आणि मोजणे, मग प्रमाण ठरवणे, मग कापणे, लिंपणे, रंगवणे, आणि शेवटी वर सांगितलेल्या तीन रणभूमी पायरीपायरीने उभ्या करणे. ज्याला वॉरगेम खेळायचाच नाही, फक्त मुलांबरोबर यंदाचा दिवाळीचा किल्ला अधिक नीट करायचा आहे, त्यालाही पहिली चार प्रकरणे पुरतील. शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. पावनखिंड किंवा उंबरखिंड फळ्यावर काढून दाखवण्याऐवजी एकदा मुलांकडून करवून घ्या. ज्याने खिंड स्वतःच्या हातांनी अरुंद केली, त्याला थोड्या माणसांनी ती कशी लढवली हे समजावून सांगावे लागत नाही.

हे पुस्तक वाचून झाल्यावर लगेच थर्माकोल आणायला धावू नका. तुमच्या गावाजवळ जी लढाई झाली असेल, जो किल्ला असेल, तिथे आधी जा. पायी चढा, पावलांनी अंतर मोजा, कुठून काय दिसते आणि काय झाकले जाते ते वहीत लिहा. मग घरी येऊन पहिला तुकडा कापा.

लष्कर, ग्वाल्हेर